भरीचं पिंप

आमच्या घरी रेड वाइन तयार व्हायची आणि घरातलं कुणीही ती पीत नसे. बाबा घोट तोंडात घ्यायचे, गालांतून फिरवायचे आणि मोरीत थुंकायचे. मीही तेच करायची. आई तर ओठालाही लावत नसे. पनवेलमधून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर होतं, मागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं दगडी गोदाम. त्यात ओकची बारा जुनी पिंपं आडवी मांडलेली. रस्त्यावरच्या पाटीवर 'वायनरी' असं लिहिलं होतं. ती वाचून लोक गालात हसायचे आणि आईला बाजारात गाठून विचारायचे, "काय हो, यंदा कशी झालीय तुमची दारू?" आई म्हणायची, "मला लोणच्याचं विचारा."

तिचंही खरंच होतं. गोदाम मुळात तिचं. लोणची, मुरांबे, कोकमाचं आगळ असा तिचा घरगुती व्यवसाय होता आणि तिच्या बरण्या त्या गोदामात असायच्या. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. कुठल्याशा परदेशी पुस्तकात त्यांनी वाइनविषयी वाचलं आणि ते वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी नोकरी सोडली, दोन वर्षं खेटे घालून परवाना मिळवला, आणि आईच्या बरण्या भिंतीकडे सरकवून पिंपं आत आणली. आईने आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी तिने पिंपांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्या दिवसापासून वाइन ही तिच्या लेखी लोणच्याची धाकटी बहीण झाली.

द्राक्षं नाशिककडून यायची, फेब्रुवारीच्या शेवटी, पहाटे ट्रकने. लहान, काळी, जाड सालीची. जवळच्या विचुंबे गावचे एक मामा आमच्याकडे पिंपांचं काम करायचे. ते आणि बाबा ती चुरायचे. पहिल्या वर्षीची वाइन जांभळाच्या सरबतासारखी दिसायची आणि तिला ओल्या गोणपाटाचा वास होता. दुसऱ्या वर्षीची काजूच्या बोंडासारखी, जिभेला धरणारी. घोट थुंकला तरी जीभ अर्धा तास बधिर. शिवाय ती गढूळ असायची. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर दिवसरात्र आमच्या दारावरून धडधडत जायचे आणि तळाला बसलेला गाळ पुन्हा वर यायचा. पुस्तकात लिहिलं होतं की अंड्याचा पांढरा भाग घातला की वाइन नितळ होते. आईने सांगितलं, अंडं ज्या दिवशी आत येईल त्या दिवशी मी बाहेर जाईन. त्यामुळे आमची वाइन शाकाहारी राहिली आणि गढूळही.

आता नाकाचं सांगते. कारखान्यात वीस वर्षं क्लोरीन हुंगून बाबांचं नाक कामातून गेलं होतं. चव थोडीफार कळायची, वास जवळजवळ नाही. वाइन करणाऱ्या माणसाला वास कळत नाही, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ते नाक मी झाले. अठराव्या वर्षापासून दर शनिवारी मी गोदामात जायची, बाबा काचेच्या नळीने एकेका पिंपातून थोडी वाइन काढायचे, मी हुंगायची आणि सांगायची. ते वहीत लिहून घ्यायचे. "पाचव्याला सालीचा वास." "सातवं बंद बंद आहे, काहीच बोलत नाही." एकदा मी एका पिंपाला "पावसात राहिलेल्या काडेपेटीसारखं" म्हटलं तर ते इतके खूश झाले की तेच शब्द त्यांनी लाल शाईने लिहिले. आंबटपणा मोजायला त्यांच्याकडे ब्युरेट होती. पण ते म्हणायचे, आकडा हलायच्या आठवडाभर आधी नाकाला कळतं. घरात मला कुणी फारसं हुशार समजत नसे. शनिवारी मात्र मी हुशार असायची.

फक्त महिन्यातले चार दिवस आमच्या वायनरीला नाक नसायचं.

आमच्याकडे पाळायचे. कावळा शिवला की मागच्या पडवीत बसायचं, ताट पायरीवर यायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन पाचव्या दिवशी आत. लोणच्याच्या बरणीजवळ तर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, नाहीतर बुरशी येते, हे आईने तिच्या आईकडून घेतलेलं. पिंपं लोणच्यांच्या शेजारी आली आणि हा नियमही त्यांना आपोआप लागू झाला. पहिल्या वर्षी एका पिंपावर पांढरी साय आली. आई म्हणाली, कुणीतरी शिवलं. बाबा मोठ्याने हसले, यीस्ट आणि हवा यांच्यावर त्यांनी आम्हाला एक व्याख्यान दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा साय आली तेव्हा ते हसले नाहीत. "पाळलं तर आपलं नुकसान काय आहे?" एवढंच म्हणाले. एम.एस्सी. झालेला माणूस. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. पण तेव्हा आला नव्हता, हेही लिहायला हवं. तेव्हा मला ते अगदी समजूतदारपणाचं वाटलं होतं.

गंमत अशी, की ही पडवी घराला नव्हे, गोदामालाच लागून होती. गोदामाच्या भिंतीतला झरोका बरोबर मी बसायची त्या चटईच्या डोक्यावर उघडायचा. दारातून जायचं तर आठ पावलं.

चौथ्या वर्षीची वाइन चांगली झाली. किती चांगली, हे मला सांगता येईल की नाही कोण जाणे. नाशिकच्या बागाईतदाराने नवी वेल लावली होती, तिची ती पहिलीच द्राक्षं. एप्रिलमध्ये पिंपं भरली आणि जूनपर्यंत वाइनचा रंग उतरून गडद लाल झाला, कडेला विटकरी झाक. हुंगलं की आधी सुकलेलं कोकम, मग काळी मिरी, आणि थांबून राहिलं तर शेवटी नव्या कोऱ्या वहीचा वास. तोंडात घेतली की गोडवा नाही, बोचरेपणाही नाही. आणि ती थुंकल्यावरसुद्धा जात नसे. मी बाबांना म्हटलं, "ही थुंकवत नाही हो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

खंडाळ्याच्या एका हॉटेलचे मालक येऊन ती चाखून गेले. गणपती झाले की पुन्हा येतो, तेव्हाही अशीच असली तर बाराही पिंपं माझी, असं बोलून गेले. बाबांचं वय त्रेपन्न होतं. नातेवाइकांत ते चेष्टेचा विषय झाले होते, माझ्या लग्नाच्या बोलण्यांत पाटीवरच्या त्या एका शब्दाने दोन स्थळं परत गेली होती. ही वाइन हॉटेलात गेली असती तर ते बरोबर ठरले असते. एवढंच त्यांना हवं होतं, बरोबर ठरणं. मलाही त्यांच्यासाठी तेवढंच हवं होतं.

एक गोष्ट समजावून सांगायला हवी. लाकडाचं पिंप वाइन पितं. दर आठवड्याला थोडी उडून जाते, वर पोकळी राहते, पोकळीत हवा शिरते आणि हवेने वाइनचा व्हिनेगर होतो. म्हणून दर शनिवारी प्रत्येक पिंपात भर घालून ते काठोकाठ ठेवायचं. ही भर ज्या पिंपातून घ्यायची त्याला आम्ही भरीचं पिंप म्हणायचो. ते तिसरं होतं, झरोक्याखालचं. अकरा पिंपं भरलेली राहावीत म्हणून ते एकटं रिकामं होत जायचं. बिघडायचं झालं तर पहिलं तेच बिघडणार, हे बाबांनीच मला शिकवलं होतं.

श्रावण संपत आला होता आणि माझी पाळी गुरुवारी आली. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पडवीत करायला काही नसतं. मी शेजारच्या मैत्रिणीने दिलेलं नेलपॉलिश बोटांना लावून बसले. दुपारी जरा डोळा लागला, उठले तर नेलपॉलिशचा वास तसाच. नखं केव्हाच वाळली होती. आई ताट घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, गोदामातून नेलपॉलिशसारखा वास येतोय."

"मग बोटांना काय लावलंयस?" ती म्हणाली, आणि ताट पायरीवर ठेवून गेली.

मला वाटलं, असेल. पण शुक्रवारी सकाळी मी ब्लेड घेऊन दहाही नखं खरवडली, साबणाने हात धुतले, आणि पुन्हा चटईवर बसले. वास होता. उलट वाढला होता. वाइन आंबायच्या आधी तसाच वास येतो, हे बाबांनी दुसऱ्या वर्षी एका बाटलीवर मला दाखवलं होतं.

संध्याकाळी बाबा अंगणात आले तेव्हा मी लांबूनच हाक मारली. "बाबा, तिसरं पिंप बिघडतंय."

"तिसरंच कशावरून?"

"झरोक्यातून वास येतोय. माझ्या डोक्यावरच तर आहे."

त्यांनी झरोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा झरोक्याकडे. आत गेले. नळीने वाइन काढून स्वतः हुंगली असणार, पण त्याचा काय उपयोग! त्यांनी मामांना बोलावलं. मामांचं उत्तर मला पडवीत ऐकू आलं. "मला काय कलतंय साहेब, मला तर सगलीच पिंपां बरी लागतान." बाबांनी ब्युरेट लावली. आकडा मागच्या वेळेपेक्षा किंचित वर होता, श्रावणात तो तसा असतोच. बाहेर येऊन ते म्हणाले, "सोमवारी तू आत आलीस की बघू. घाई नको."

"उद्या शनिवार आहे बाबा. उद्या भर घालू नका."

"नाही घातली तर अकराही उघडी पडतील. पावसाची हवा आहे." तेही खरंच होतं. वाइनमध्ये सगळीच मतं खरी असतात.

शनिवारी सकाळी मामांनी बुचं काढायला सुरुवात केली. लाकडी हातोडीचे ठोके मी मोजत होते. पहिलं, दुसरं, मग चौथं. मग पत्र्याच्या जगमध्ये वाइन पडल्याचा आवाज. मी उठले. चटईवरून उतरून अंगणात आले आणि गोदामाच्या पायरीपर्यंत गेले. आत बाबांची पाठ दिसत होती. आई माझं ताट घेऊन येत होती, ती मध्ये उभी राहिली. "पाऊल टाकू नकोस," ती म्हणाली. ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, मांजराला म्हणतात तसं.

"बाबा, थांबा ना," मी म्हटलं.

"अगं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे," ते वळून न बघता म्हणाले आणि पहिल्या पिंपात जग ओतला.

मी परत जाऊन चटईवर बसले. आईने ताट पायरीवर ठेवलं. भात, भाजी, आमटीची वाटी. मी जेवले. हे मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही. अकरा ठोके संपेपर्यंत मी बसून जेवले.

त्या आमटीच्या वाटीचा मी नंतर इतका विचार केला आहे की तिचा काठ मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. चार दिवसांत दोन वेळची आठ ताटं त्या पायरीवर आली. तशाच एका वाटीत चमचाभर वाइन घालून कुणी पायरीवर ठेवली असती, तर मी हुंगून सांगितलं असतं, वाटी विसळून टाकता आली असती, धर्म राहिला असता आणि अकरा पिंपंही राहिली असती. बाबांना सुचलं नाही. आईला सुचलं नाही. त्यांनाच दोष देता आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण मलाही सुचलं नाही. शिवायचं नाही म्हणजे त्या दिवसांत मला नाकच नाही, असं आम्ही तिघांनीही मनोमन धरून चाललो होतो.

पाचव्या दिवशी मी नाहून आत गेले. तिसऱ्या पिंपाचं बूच काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं, वासानेच. मग चौथं. मग पाचवं. सगळ्यांत तो वास होता, अगदी बारीक, कोकमाच्या मागे लपलेला. बाबा वही उघडून उभे होते. मी शेवटच्या पिंपाचं बूच परत बसवलं. त्यांनी वही मिटली.

गणपतीनंतर हॉटेलचे मालक आले. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला नाही. ग्लास सावकाश खाली ठेवत म्हणाले, "काका, सॅलडवर छान लागेल." ते वाईट माणूस नव्हते.

परवाना असल्यामुळे वाइन फेकायलाही परवानगी लागत होती. अबकारी खात्याचा माणूस आला, त्याच्यासमोर बाराही पिंपं उपडी केली. मागच्या गटारातून लाल पाणी वाहत ओढ्याकडे गेलं. मामा म्हणाले, "असा दारूचा पाट आमी लग्नाच्या हलदीला पन नाय बगला." आईने चार बाटल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, लसणाच्या लोणच्याला. ते लोणचं आम्ही दोन वर्षं खाल्लं. चांगलं झालं होतं.

पाटी उतरली. गोदामात एका वाहतूकवाल्याने कंटेनरच्या गाड्यांचे टायर ठेवले. बाबा तळोज्याला एका लहानशा कारखान्यात पुन्हा केमिस्ट म्हणून जाऊ लागले. बसने जायचे, बसने यायचे. त्यांनी मला त्या शनिवारबद्दल कधीही एक शब्द विचारला नाही. ना राग, ना टोमणा. कधी जेवताना मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा पानात बघायचे. मला वाटायचं, हे मनातून खजील आहेत. मी सांगत होते आणि यांनी ऐकलं नाही, हे यांना खातंय. मी त्यांना फार जपायची. त्यांच्यासमोर द्राक्षांचं नाव काढायची नाही. लग्न होऊन डोंबिवलीला गेल्यावरही रविवारी यायची, त्यांच्या शेजारी बसायची, हात दाबून द्यायची. मनात म्हणायची, बाबा, मी केव्हाच सोडून दिलंय. तुम्हीही सोडा.

आठ वर्षं मी त्यांना अशी माफ करत राहिले.

नवं शतक उजाडता उजाडता ते पनवेलच्याच एका दवाखान्यात होते. फुप्फुसं गेली होती. बोलताना धाप लागायची. एका दुपारी मी एकटीच जवळ होते, आई घरून डबा आणायला गेली होती. ते छताकडे बघत होते. एकदम म्हणाले, "ती वाइन फार चांगली होती, नाही?"

"हो बाबा."

"नव्या वहीचा वास म्हणाली होतीस तू. मला नाही आला कधी."

मी त्यांचा हात हातात घेतला. मला वाटलं, आता ते बोलतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, इतकी वर्षं तयार होतं ते.

"खरं सांग," ते म्हणाले. "त्या दिवसांत तू आत गेली होतीस ना?"

मला आधी कळलंच नाही. "कुठे आत?"

"गोदामात. तिसऱ्या पिंपाला शिवलीस. नाहीतर तुला कसं कळलं असतं, तिसरंच म्हणून? तुझी आईसुद्धा म्हणाली, तू पायरीपर्यंत आली होतीस."

"नाही हो बाबा. झरोक्यातून वास येत होता. मी सांगितलं होतं तुम्हाला."

ते हसले. किती दिवसांनी हसले! त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी मी खोटं बोलले की थोपटायचे तसं. "असू दे गं पोरी. लहान होतीस. मी तुला कधी बोललो का?"

बाहेरून कंटेनरची गाडी गेली, खिडकीची तावदानं थरथरली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आठ वर्षं पानावरून मान वर करून ते माझ्याकडे बघायचे ते काय बघायचे, ते मला आता कळलं. ते वाट बघत होते, मी कबुली देण्याची. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा शांत होता. मनाचा मोठेपणा दाखवून मोकळ्या झालेल्या माणसाचा असतो तसा.

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "नाही बाबा. तुम्ही मला कधीच नाही बोललात."